भीखीचा गणवेश

वढवाण,
२० मे १९८८

प्रिय मुक्ता,

तुझं पत्र मंगळवारी आलं. वशरामने मशीन थांबवून मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर चष्मा काढून माझ्या हातात दिलं. आमचा नवरोबा म्हणाला, "हे तुझं तू वाच, पुढे रडारड आहे." मग मीच वाचलं. पालनपूरचं पाणी तुम्हांला मानवलं, जयंतीभाईंना सकाळची बस मिळाली म्हणून ते संध्याकाळी घरी जेवतात, घरमालकीण बाई कुरकुरी असली तरी पाणी भरू देते, हे सगळं वाचून बरं वाटलं. आणि मग ती खालची ओळ. भीखीला जूनमध्ये शाळेत घालायचं तर निळा बिनबाह्यांचा फ्रॉक आणि आत पांढरा ब्लाऊज हवा, पण नवं कापड तू तिच्या अंगाला लावणार नाहीस. मी सात घरचं जुनं मागून गणवेश शिवून पाठवला तर ती शाळेत जाईल, नाहीतर यंदा घरीच राहील. हे वाचून मी कपाळावर हात मारला. एकदा नाही, दोनदा.

अगं, नवस तू पाच वर्षांचा बोलली होतीस ना? दोन मुलगे सव्वा महिन्याच्या आत गेले, तिसऱ्या खेपेला ही आली, आणि तू माताजीपुढे पदर पसरून म्हणालीस, हिला मी माझी म्हणणार नाही, मागून आणलेली म्हणेन, पाच वर्षं सात घरचं जुनंच हिच्या अंगावर घालीन. नावही भीखी ठेवलंस, म्हणजे कुणाची नजर लागायलाच नको. तुझ्या सासूबाई ओट्यावरून सगळ्या गल्लीला, आपल्या शेरीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या होत्या, "मुलीसाठी कुणी नवस करतं होय? मुली काय, उकिरड्यावरही वाढतात." तू मुलीला कडेवर घेऊन आत गेलीस. आणि मागून आणलेलं पहिलं गाठोडं घेऊन तू माझ्याकडे आलीस, तेव्हा त्याच म्हणाल्या, "जिच्या घरी पाळणा हलला नाही तिच्या हातचं लेकराच्या अंगावर घालणार?" त्यावर मात्र तू मागे वळलीस आणि म्हणालीस, "बा, लाभुबेनचा टाका टोचत नाही." एवढंच. ते वाक्य मी जन्मात विसरणार नाही, मुक्ता. मला मूल नाही याची लोक मला नेहमी आठवण करून देतात, पण तू मला मुलीचं अंग मोजायला दिलंस.

त्या पाच वर्षांत जेवढी मजा मी केली तेवढी कशातच केली नाही. वशराम आयुष्यभर नव्या कापडाच्या विजारी शिवतो, त्याला काय कळणार जुन्या कापडाचं. नवं कापड मुकं असतं. जुनं हातात घेतलं, उन्हाकडे धरलं की लगेच कळतं कुठे झिजलंय, कुठे जीव आहे. विजार गुडघ्याला जाते, पण पोटऱ्यांमागचं कापड अगदी धडधाकट. साडीचा पदर विरतो, पण निऱ्यांच्या आतला भाग पहिल्या दिवसासारखा. शर्ट उसवून उलटा केला की आतून असा निळा निघतो की ज्याचा होता तोही ओळखणार नाही. सगळं उसवायचं, सोड्यात उकळायचं, वाळवायचं, मगच कात्री. आणि खाली चार बोटं दुमड, कारण तुझी लेक दुधीसारखी वाढायची.

आणि तिचं ते बोलणं! तीन वर्षांची झाली तेव्हापासून शेरीत कुणी दिसलं की फ्रॉक वर करून सांगायची, "पोपटकाका, आज तुमची लुंगी घातलीय." पोपटभाई भर चौकात बँडवाल्यांबरोबर उभे होते, बिचारे लाजून गेले. माध्यान्हीच्या आरतीला शेठाणीला म्हणाली, "तुमचा परकर टोचतो." शेठाणीने दुसऱ्या दिवशी मुद्दाम मऊ मलमलीचं पाठवलं, तोंड फुगवून का होईना. तुला हसूही यायचं आणि तू तिला चापटही मारायचीस. तुम्ही होळीनंतर गेलात आणि शेरीत आता कुणी कुणाचे कपडे ओळखत नाही. मला तिची फार आठवण येते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. भीखीचे फ्रॉक पाहून पाहून बायकांना चटक लागली. पूर्वी जुन्या साड्या भांडीवालीला देऊन पातेलं घ्यायच्या, आता माझ्याकडे आणतात. "भीखीला शिवला होतात तसा, खिशावर बांधणीचा तुकडा लावून." गेल्या आठवड्यात एका नव्या नवरीने सासऱ्याचं जुनं धोतर आणलं, येणाऱ्या बाळाला झबली शिवायला. मी नऊ काढली. वशराम तोंडाने कुरकुरतो की लाभुने दुकानाची बोहारीण केली, पण झबल्यांची काजं तोच करतो, आणि बाईमाणूस कुणी नसलं की ती बोटावर नाचवून बघतोही. मी पाहिलंय.

असो. तुझ्या पत्राचा मान ठेवून मी परवा मागायला निघाले. निळं आणि पांढरं, एवढंच हवं. पहिलं घर पोपटभाईंचं. त्यांनी बँडचा जुना निळा कोट दिला, खांद्यावरची सोनेरी दोरी तेवढी काढून घेतली. "भीखी शाळेत जाणार? मग कोट धुऊन घ्या, याच्यात दोनशे वरातींचा घाम आहे." निवृत्त मास्तरांनी धोतर दिलं आणि शाळा म्हटल्यावर आत जाऊन एक पेन्सिलही आणून दिली. टपालवाल्या देवशीभाईंची विजार, शेठाणीची चादर, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचा सदरा. सगळे देत होते, पण मुक्ता, या वेळी हात पहिल्यासारखे सैल नव्हते. सहावं घर हिरामांचं. त्यांनी उशीचे अभ्रे दिले आणि वर ऐकवलं, "पाच वर्षं झाली ना गं? आणखी किती मागणार? तिच्या लग्नाची पानेतर साडीही आमच्याचकडे मागायला येणार का?" मी हसून साजरं केलं. पण पायऱ्या उतरताना हसू आलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

सातवं घर रळियातमांचं ठेवलं होतं, कारण तिथे कधी नाही म्हणायची वेळच आली नाही. तुला आठवतं, त्या विधवा म्हणून स्वतः पांढरं नेसतात, पण भीखीला आपलं पांढरं त्यांनी कधी दिलं नाही. दर वेळी पेटी उघडून लग्नातली बांधणी काढायच्या आणि स्वतःच्या हाताने फाडून द्यायच्या. म्हणायच्या, मी नेसत नाही, तिने तरी नेसावी. मी ओट्यावर बसले, निरोप सांगितला. त्यांनी भुईमुगाच्या शेंगा सोलायच्या थांबवल्या आणि म्हणाल्या, "नाही देणार." मला वाटलं चेष्टा करतायत. तर म्हणाल्या, "लाभु, माताजीकडे पाच वर्षं मागितली, तिने दिली. आता पुन्हा पदर पसरायचा म्हणजे तिने दिलंच नाही असं तिच्या तोंडावर म्हणायचं. पोर धडधाकट उभी आहे आणि आई अजून भीक मागतेय. हे मी माझ्या दारात होऊ देणार नाही. मुक्ताला सांग, म्हातारी कंजूष झाली." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. माझ्या ओंजळीत मूठभर दाणे घातले, तेवढंच काय ते दिलं.

आठवं घर काय, शेरीत तीस घरं आहेत. कुणाकडेही गेले असते तर सात पुरी झाली असती. मी गेले नाही. घरी आले, पोपटभाईंचा कोट उसवला, उन्हाकडे धरला. चांगला होता गं. फ्रॉक झकास झाला असता. पण मला दिसायला लागली ती तुझी लेक, शाळेच्या पहिल्या रांगेत उभी राहून शेजारच्या मुलीला सांगणारी, की माझा फ्रॉक बँडवाल्याचा आहे. शेरीत ते ऐकून सगळे हसले, कारण शेरी तिची होती. पालनपूरला कोण हसेल आणि कसं हसेल, ते तुलाही कळतं. तुझा भाऊ परवा इथे आला होता. त्याने आणलेला नवा फ्रॉक तू चैत्रात पेटीत टाकलास, भीखी रोज पेटी उघडून त्याला हात लावते आणि तू दिसलीस की झाकण लावते, असं तो सांगत होता. तू वाईट आई नाहीस, मुक्ता. दोनदा ज्याचं घर रिकामं झालं तो तिसऱ्यांदा दार घट्टच लावणार. मला कळतं. म्हणून तर तुझ्यावर रागावता येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. सोबतच्या पार्सलमधला गणवेश सात घरचा नाही, सहा घरचाही नाही. बाजारातून कोरं कापड आणून शिवलाय. थांब, पत्र टाकू नकोस, पुढचं वाच. भीखीचा दुसरा हिवाळा होता, तिच्यासाठी मी जाड बंडी शिवली होती, बाहेरून बांधणी, आतून मलमल आणि दोहोंमध्ये फलालीन. माझ्या मशीनखाली दोन गाठोडी असायची, एक मागून आणलेल्याचं आणि एक गिऱ्हाइकांच्या नव्या कापडातून उरलेल्या तुकड्यांचं. पांढरी फलालीन दोन्हीत होती. बंडी देऊन तीन दिवस झाले आणि केर काढताना पाहते तर मागून आणलेली फलालीन गाठोड्यात जशीच्या तशी. नवी लागली होती, छातीपासून पाठीपर्यंत. केरसुणी तिथेच टाकली. सांगायला तुझ्या उंबऱ्यापर्यंत आले, तर भीखी तीच बंडी घालून बाजरीचा रोटला चघळत बसलेली, आणि तू तिच्याकडे अशी बघत होतीस की मी नुसतं विरजण मागून परत फिरले. तो सगळा हिवाळा मी रोज सकाळी विरजण मागायला यायची. तू चिडवायचीस, लाभुबेनच्या घरी दहीच लागत नाही. दही लागत होतं गं, मी तिचा खोकला ऐकायला यायची. माझ्या हाताने तुझं मूल जातंय की काय, या भीतीने मी अर्धी झाले होते. ती खोकली नाही. होळीपर्यंत बंडी आखूड झाली. पुढच्या वर्षी मात्र मी चुकले नाही, जाणूनबुजून नवी घातली, कारण धुऊन धुऊन विरलेल्या फलालीनीत ऊब राहत नाही आणि पोरगी गारठत होती. त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि गेल्या वर्षीही. चार हिवाळे, मुक्ता. ज्या नव्या कापडाला तू घाबरतेस ते तिच्या काळजापासून दोन बोटांवर होतं आणि ती गोबरी होत गेली. नवस तुझा होता, मोडला मी, तुला न विचारता, आणि तुझ्या डोळ्याला डोळा भिडवून चार वर्षं गप्प बसले. जिने सगळ्यांपुढे माझ्या टाक्याची बाजू घेतली तिलाच फसवलं, याची क्षमा कशी मागायची मला माहीत नाही. माताजीला जाब विचारायचा असेल तर ती शिवणारीला विचारेल, तुला नाही, भीखीला तर नाहीच. माझ्याशी बोलणं टाकायचं तर टाक, मी सोसेन. पण तेरा जूनला सकाळी हा फ्रॉक घालून तिला शाळेत सोड, आणि घरी आल्यावर मला हव्या तेवढ्या शिव्या लिही.

तुझीच, अजूनही असले तर,
लाभुबेन