फुटाला सात रुपये

लिंबागणेश
दि. २६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पौर्णिमा हिस,
दादाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तू आणि सौरभराव खुशाल असाल. फोनवर तू बोलतेस त्यातलं मला आता अर्धंच ऐकू येतं आणि त्या अर्ध्यावरून आपलं भांडण होतं, म्हणून पत्रच बरं. तुझ्या वहिनीचं म्हणणं असं, की धड ऐकू येत होतं तेव्हाही हे कोणाचं ऐकत नव्हते. रिटायर झाल्यापासून मी तिच्याशी वाद घालत नाही.

तू बीडात लोकांची कार्पेटं धुतेस हे मला अजून पचलेलं नाही, स्पष्टच लिहितो. पुण्याच्या हॉटेलात नऊ वर्षं होतीस तेव्हा बहीण सुपरवायझर आहे असं चारचौघांत सांगता यायचं. आता कोणी विचारलं की मी विषय बदलतो. आपल्या आज्ज्यानं छप्पन सालानंतर गावकीची झाडलोट सोडली, त्यापायी दोन वर्षं त्याला गावात कोणी कामावर घेतलं नाही. आबांनी हमाली करून आपल्याला शिकवलं ते कशासाठी, याचा एकदा विचार कर.

आता करतेच आहेस तर निदान चांगल्या ठिकाणी कर. बायपासवरचं नवं हॉटेल आपल्या विजयसिंहांचं आहे असं परवा कळलं. तिथल्या कार्पेटचं काम निघालंय म्हणे. विजयसिंह माझा विद्यार्थी, पाचवी ते सातवी माझ्याच वर्गात होता. मी एक शब्द टाकला तर काम दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही. जाऊ का, ते कळव.

वहिनीनं शेवया करून ठेवल्यात, येशील तेव्हा ने. रागावलीस तरी उत्तर टाकायला विसरू नकोस.
तुझा,
सर्जेराव दादा


बीड
दि. २ सप्टेंबर २०२४

ती. दादा व वहिनी यांना,
पौर्णिमाचा सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. वाचून आधी लई राग आला. सौरभ म्हणाले की दोन दिवस थांबून लिही, म्हणून थांबले.

तुम्ही गावकीचं काढलंत म्हणून सांगते. गावकीत आज्ज्याला कोणी दर विचारला न्हवता. काम आधी करायचं, मग सुगीत खळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि मालकाच्या मनात येईल तेवढं पदरात घ्यायचं. मी टेप घेऊन जाते, जागा मोजते, कागदावर दर लिहिते आणि खाली सही करते. त्यांना पटलं तर मशीन आत जातं. न्हाई पटलं तर चहा पिऊन घरी येते. एवढा फरक तुम्हाला मास्तर असून कळू नये, याचं वाईट वाटलं.

त्या हॉटेलचं काम मला माहीत हाय. दोनदा जाऊन मोजून आले. हॉल, पॅसेज आणि अठरा खोल्या मिळून सहा हजार सहाशे फूट कार्पेट हाय, दर तीन महिन्यांनी धुवायचं, वर्षाचा करार. दर काढायला आठ दिवस गेले. बायांचा रोज, शाम्पू, टेम्पोचं डिझेल, मशीनची झीज आणि वाळवायला पंखे धरले तर फुटाला साडेचार रुपये नुसते जातात. मी सात लिहिले. पाणी हॉटेलनं द्यायचं अशी अट घातली, कारण बीडात टँकर मी घ्यायचा म्हणलं तर हातात काहीच राहत न्हाई. हळदीचा जुना डाग फिका होईल, पुरता जाणार न्हाई, हेही आधीच लिहून दिलं. संभाजीनगरची एक कंपनी हाय, तिनं नऊ मागितले.

मॅनेजर आदिनाथ यांनी नमुना करून दाखवा म्हणलं. सगळे जण नमुना दाराजवळ करतात. तिथं नुसती धूळ असती, एक हात फिरवला की उजळतं. मी स्टेजपुढची जागा मागितली, जिथं लग्नातला रस्सा सांडून वाळून बसलाय. तीन तास दोघी बायांसंगं गुडघ्यावर होते. वाळल्यावर आदिनाथ बूट काढून त्याच्यावर उभे राहिले. दर वाजवी हाय, आता मालकांची सही तेवढी राहिली असं म्हणाले.

दादा, हे काम मला नुसतं कमाईसाठी नको. माझ्याकडं योगिता आणि भिवराबाई अशा दोघी हायत. भिवराबाई दरसाल भावासंगं कोयत्यावर ऊसतोडीला जाती. तिची पोरगी औंदा दहावीला हाय. मुकादम उचल घेऊन आलता, तर मीच तिला म्हणलं की औंदा जाऊ नको, बारा महिने पगार देते. तिनं उचल नाकारली, भावानं दुसरा जोडीदार बघितला. सही झाली न्हाई तर त्या बाईला मी काय तोंड दाखवू.

म्हणून हात जोडून सांगते, विजयसिंहांकडं जाऊ नका. काम माझ्या दरावर जवळजवळ झालंय. मध्ये शब्द आला की दर बोलता येत न्हाई.

कानाचं मशीन लावत जा, डब्यात ठेवायला घेतलेलं न्हाई. शेवया ठेवा, दसऱ्याला येऊन नेते.
तुमची,
पौर्णिमा


लिंबागणेश
दि. १४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. पौर्णिमा हिस,
दादाचा जयभीम आणि आशीर्वाद.

रागावू नकोस, मी गेलतो. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच विजयसिंहांना निरोप धाडला होता, मग न जाणं बरं दिसलं नसतं. पण गेलो ते फार बरं झालं, कसं ते ऐक.

मी आत गेलो तर विजयसिंह खुर्चीतून उठून आला आणि दहा-बारा माणसांदेखत माझ्या पाया पडला. मला सोफ्यावर बसवलं, स्वतः बाजूला स्टुलावर बसला. सगळ्यांना सांगितलं की आज मी जो काही आहे तो या सरांच्या छड्यांमुळे. बदाम दूध मागवलं. माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाला की पौर्णिमाताईंचं काम म्हणजे घरचंच काम, सरांनी यायची तसदी कशाला घेतली.

पौर्णिमा, त्याच्या आज्ज्याच्या खळ्यावर आपला आज्जा पदर पसरून उभा राहायचा. त्याचा नातू माझ्या पायाला हात लावतो, हे बघायला आबा हवे होते. माझे डोळे भरून आले. इतक्या माणसांत खिशातून दर काढणं मला शोभलं नसतं, म्हणून तुझ्या सातचा मी उल्लेखही केला नाही. मॅनेजरच्या फायलीला काहीतरी कागद लागतो म्हणाले, तेव्हा तिथंच लिहून दिलं, की आपणास योग्य वाटेल तो दर द्यावा, आमची काही हरकत नाही. सही केली, तारीख टाकली.

काम तुझंच झालं असं समज. भिवराबाईला पेढा दे आणि दादानं काय केलं तेही सांग. वहिनीनं मात्र हे ऐकून तोंड फिरवलं, का ते सांगत नाही.

दसऱ्याची वाट बघतो. तोवर ख्यालीखुशाली कळू दे.
तुझा,
सर्जेराव दादा


बीड
दि. २७ सप्टेंबर २०२४

ती. दादांना,
पौर्णिमाचा जयभीम.

काल आदिनाथ यांनी बोलावलं. माझं कोटेशन टेबलावर होतं, सातावर लाल पेनानं काट मारून दोन लिहिलेलं. कावून म्हणून विचारलं तर त्यांनी फायलीतून तुमचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. अक्षर तुमचंच, काना-मात्रा जिथल्या तिथं. मालकांना दोन योग्य वाटले, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

मी म्हणलं दोनात शाम्पूसुद्धा येत न्हाई. तोवर विजयसिंह तिथंच आले. ताई, सरांच्या शब्दाच्या बाहेर मी कसा जाणार, असं हसून म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगून गेले. मी चहा घेतला न्हाई. सात म्हणजे सात, एवढं सांगून उठले.

घरी येऊन हिशेब केला, तुम्हीही करा. फुटाला पाच रुपये गेले, सहा हजार सहाशे फूट, वर्षातून चार वेळा. एक लाख बत्तीस हजार. त्यांनी तुमच्या पायाला हात लावला त्याची ही किंमत. मला विचारलं असतं तर मी म्हणलं असतं की पाया पडू नका, सात द्या.

तुम्ही आयुष्यभर पोरांना स्वाभिमान शिकवला. आणि पहिल्यांदा खरंच कामाची वेळ आली तेव्हा सोफ्यावर बसून, चांगल्या अक्षरात, मालकाच्या मनात येईल ते द्या असं लिहून दिलं. आज्ज्याला लिहिता येत न्हवतं, त्याला काही इलाज न्हवता. तुम्हाला होता. दर बोलायची लाज तुम्हाला वाटली, आणि माझ्या कामाची लाज मला वाटावी असं तुम्हाला वाटतंय.

तुमच्या मनात वाईट न्हवतं हे मला कळतं. पण कळून काय करू. भिवराबाई रोज सकाळी येऊन सही झाली का विचारती. तुम्ही एकच करा, विजयसिंहांना दुसरा कागद लिहा, की तो शब्द माझा होता, बहिणीचा न्हाई, तिचा दर तीच सांगेल. आठ दिवसांत लिहा. लग्नाचा हंगाम लागायच्या आत त्यांना हॉल धुवून पाहिजे.

मी दसऱ्याला येणार न्हाई. वहिनीला सांगा, त्यांच्यावर राग न्हाई.
पौर्णिमा


लिंबागणेश
दि. ३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पौर्णिमा हिस,
दादाचा जयभीम.

उत्तराला महिना लागला. खरं सांगतो, तू सांगितलेला कागद मी चार वेळा लिहिला आणि एकदाही टाकला नाही. दिलेला शब्द मागे घेतला तर तो पोरगा काय म्हणेल, हेच डोक्यात होतं. तुझ्यावर रागही होता. धाकट्या बहिणीनं इतकं लिहावं का, असं वाटत होतं.

परवा विजयसिंहांनी जुन्या शिक्षकांचा सत्कार ठेवला होता, त्याच हॉलमध्ये. मी लवकर पोचलो. आत चार माणसं एकसारखे निळे शर्ट घालून पॅसेजचं कार्पेट धूत होती, हॉलचं आधीच झालं होतं. बाहेर टँकर उभा. त्यांच्या प्रमुखाला विचारलं, तर संभाजीनगरची तीच कंपनी. दर विचारला. नऊ रुपये म्हणाला, पाणी हॉटेलचं, आणि निम्मे पैसे आगाऊ. स्टेजपुढच्या जागेला त्यांनी हातच लावला नव्हता. ती आधीच साफ होती, असं तो म्हणाला.

मी विजयसिंहाला गाठलं. माझ्या बहिणीला दोन आणि यांना नऊ, हे कसं, असं विचारलं. तो जराही न लाजता म्हणाला की सर, ती कंपनी आहे, तिचा दर ठरलेला असतो, तो द्यावाच लागतो. घरच्या माणसाला कोण दर विचारतं. मला नीट ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच ऐकू आलं.

शाल खांद्यावर टाकून घेतली आणि घरी आलो. उठून जायला हवं होतं, ते झालं नाही. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. बोललीच तर इतकं हळू बोलते, की मला ऐकू येऊ नये.

सोबत पंचवीस हजारांचा चेक आहे, पेन्शनमधला. भिवराबाईचा पगार यातून दे, पोरीची दहावी होईपर्यंत मी दर महिन्याला पाठवीन. माझ्या हातून वाईट झालं, पौर्णिमा. एकदा येऊन समोर बस आणि काय बोलायचं ते बोल. मी कानाचं मशीन लावून बसेन.
तुझा,
दादा


बीड
दि. २५ नोव्हेंबर २०२४

ती. दादांना,
जयभीम.

चेक परत पाठवते आहे. तुमचं पत्र आलं त्याच्या दोन दिवस आधीच भिवराबाई गेली. एवढ्या उशिरा कोणाच्या कोयत्यावर जोडीदार म्हणून जागा मिळंना. भावाचा जोडीदार ठरलेला, मग पोरीलाच जोडीला घेऊन गेली, साताऱ्याकडं. मुकादमानं उचल निम्मीच दिली. दहावीचा फॉर्म भरलेला हाय, परीक्षेच्या वेळी पोरीला आणून सोडते म्हणाली. जाताना मला एक शब्द वाकडा बोलली न्हाई. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. आता तुमच्या चेकनं मी कोणाला पगार देऊ.

योगिता अजून येती. घरोघरचे सोफे धुतोय, पोट चालतं. तुम्ही विजयसिंहांना विचारलं, ते वाचून रडू आलं. पण ते सप्टेंबरात विचारायचं होतं. वहिनीला म्हणावं, बोला त्यांच्याशी, किती दिवस असं राहणार.

काल अंबाजोगाईच्या एका हॉटेलात गेलते. मोजलं, कोटेशन दिलं, ह्या वेळी आठ रुपये लिहिले. मालक वयस्कर हायत, स्वभावानं बरे वाटले. कागद वाचून म्हणाले की दराचं बाईमाणसाशी काय बोलायचं, तुमच्यात कोणी मोठा भाऊ वगैरे असला तर त्यांना पाठवा, बसून ठरवू.

मी सांगितलं, मला भाऊ न्हाई.

पौर्णिमा