न आपटलेलं दार

बाबा,

परवा दुपारी मी दार आपटलं आणि ते आपटलंच नाही. तिथून सगळं फिरलं. तुम्हाला हे सांगायला हवं, कारण आपल्या घरात दार या विषयातलं तुमच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तुम्ही कंपनीत जायला निघालात की दाराचा असा काही आवाज व्हायचा की वरच्या मजल्यावरची बाई म्हणायची, "वाजले सात." आई अजून म्हणते, तुमी बापलेक एका सुतारावर उपकार करायला जन्माला आलात. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं ते लॅबचं दार आपटूनच. त्याआधी दोन शिकवण्या, त्यानंतर एक नोकरी. प्रत्येक वेळी आवाज चांगला आला. पण आता जिथं काम करतो तिथं दाराच्या डोक्यावर एक लोखंडी कोपर बसवलंय. कितीही जोरात ढकला, दार अर्ध्यावर येऊन दम खातं आणि मग म्हाताऱ्या माणसासारखं सावकाश मिटतं. आतला थंडावा जाऊ नये, धूळ येऊ नये म्हणून. आत कॉम्प्युटर आहेत, बाबा. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं.

चपलांवरून आठवलं. सकाळी मी आधी त्या रांगेकडे बघतो. डाव्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेला एक जोड तिथं असला की माझा दिवस सुरू होतो. नसला की मी उगाच पाणी प्यायला जातो, पुन्हा येतो, पुन्हा बघतो. तिच्याबद्दल एवढंच पुरे. नाही, पुरे नाही, पण आधी कामाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काही कळणार नाही.

वाशीत दुकानांच्या वर आमचं छोटंसं ऑफिस आहे. आम्ही तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या गाळ्यांसाठी प्रोग्रॅम करतो. गाडी आली, गोणी काट्यावर चढल्या, वजन झालं, की मशीन काटापट्टी छापून देतं. तुम्ही होतात तेव्हा हे काही नव्हतं, तुमच्या सायकलच्या वाटेवर नुसतं मिठागर आणि चिखल. आमच्याकडे दोन मशिनं आहेत. एक मोठं, थंड खोलीत, ज्याला चार जण चार पडद्यांवरून एकदम जुंपू शकतात. दुसरं छोटं, टेबलावर मावणारं, जे आता शेठलोक विकत घेऊ लागलेत. मोठ्यावर चाललेला प्रोग्रॅम छोट्यावर तसाच्या तसा चालत नाही. दोघांची भाषा एक, पण बोली वेगळी. म्हणून मी मोठ्यावर लिहितो, तिथं तपासतो, मग वायरीवरून फायली छोट्यावर पाठवतो, तिथं पुन्हा बांधतो आणि फ्लॉपीवर भरून देतो. ती फ्लॉपी घेऊन गाळ्यावर जायचं आणि शेठच्या मशीनवर चढवायचं काम तिचं. भरणारा मी, पोचवणारी ती.

एका शेठनं सांगितलं, वजनातून बारदान वजा झालं पाहिजे. रिकाम्या गोणीचं वजन कांद्याच्या भावानं कोण धरणार? बरोबरच आहे. मी एका दुपारी ते लिहिलं. मोठ्यावर चालवलं, बारदान वजा. छोट्यावर बांधलं, फ्लॉपी भरली, ती घेऊन गेली. परत आली तेव्हा कपाळावर कांद्याच्या सालीची धूळ आणि तोंड एवढंसं. शेठ चार हमालांसमोर म्हणाला होता, "ताई, तुमच्या मशीनला बारदान दिसत नाय का? की गोणीसकट खायचा कांदा?" हमाल हसले. मी म्हटलं, थांब, बघतो. पुन्हा लिहिलं, पुन्हा भरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर शेठनं तिला बसायलाही सांगितलं नाही.

आणि बाबा, माझं डोकं फिरलं, कारण मोठ्या मशीनवर दर वेळी बरोबर येत होतं. तेच अक्षर, तेच वाक्य, तिकडे बरोबर, इकडे चूक. मला वाटलं, छोट्या मशीनमध्ये आकड्याला जागा कमी असते, मोठी वजनं मावत नसतील. आकड्यांची घरं मोठी केली. काही नाही. मग वाटलं, भाषांतर करणारा प्रोग्रॅमच बनेल आहे. सर म्हणाले, "अरे, तो सगळीकडे चालतो, तुझ्याच राशीला कसा आला?" सर म्हणजे आमचे मालक, शांत माणूस, आणि शांत माणसांचा मला राग येतो. मग वाटलं, पडद्यावर वजाबाकी छापून बघावी. छापली. छोट्या मशीनच्या पडद्यावर ती ओळ आलीच नाही. जणू मी लिहिलंच नव्हतं. मी कीबोर्डवर हात आपटला. सर म्हणाले, "त्याची किंमत आहे, हाताची नाही."

परवा ती तिसऱ्यांदा परत आली आणि मी सगळ्यांसमोर बोललो, "तू जुनीच फ्लॉपी घालत असशील."

"मी?"

"मग कोण? माझं तर बरोबर येतंय."

तिनं पर्स टेबलावर ठेवली. हळू ठेवली, ते मला जास्त लागलं. सर मध्ये पडले, "बस्स झालं. टेन्शन नको. छोट्या मशीनचं आपण बंद करू या. मोठं मशीन ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापुरतं ठेवू." म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय ना? छोट्याचं काम बंद म्हणजे माझं काम बंद, आणि गाळ्यांवर जाणं बंद म्हणजे तिचंही. मी म्हटलं, "मग मी चाललो." उठलो आणि दार सगळा जोर लावून मागे फेकलं.

ते अर्ध्यावर थांबलं. फुस्स.

आतून ती हसली, बाबा. डोळ्यांत पाणी असणार, आवाज तसा होता, पण हसली. आणि मी बाहेर एकाच पायात चपल घालून उभा, कारण माझी एक चपल त्या रांगेत कुठं सापडेना. लाथाडून बघतोय, वाकून बघतोय, कान तापलेत. दार अजून मिटतच होतं. त्या फटीतून तिचा आवाज आला.

"सर, एक विचारू? मी फ्लॉपी नेते तेव्हा मशीनमधली यादी बघते. जो प्रोग्रॅम त्यात जातो त्याच्यावर गेल्या महिन्याची तारीख आहे. आणि त्यानं आता लिहिलेल्या फायलींवर एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. ऐंशी साली हा दहावीत असेल. तेव्हापासून बारदान वजा करतोय का?"

दार जर नेहमीसारखं आपटलं असतं तर मला यातलं अक्षर ऐकू आलं नसतं. मी जिना उतरून खाली गेलो असतो, वडापावच्या गाडीवर जाऊन तिरमिरलो असतो आणि उद्यापासून आणखी एक नोकरी शोधली असती. पण ऐकू आलं. आणि मी चपल शोधायचा थांबलो, कारण ऐंशी म्हणजे काय ते मला माहीत होतं.

छोट्या मशीनला वेळ कळत नाही, बाबा. वीज गेली की ते सगळं विसरतं. पुन्हा सुरू केलं की आधी विचारतं, आज तारीख काय? तुम्ही सांगितली तर ठीक. नुसतं एंटर मारलं तर ते स्वतःच्या मनानं एक जानेवारी ऐंशी धरून चालतं. सकाळी मशीन ती लावते आणि तारीख टाकते, दर दिवशी, न चुकता, मग वेळही टाकते. दुपारी वीज जाते. आली की मशीन मी लावतो. एंटर, एंटर. मला कुठं एवढा वेळ?

आणि प्रोग्रॅम बांधून घेणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो, त्याला आम्ही मुकादम म्हणतो. प्रोग्रॅमचे पुष्कळ तुकडे असतात. प्रत्येक वेळी सगळेच्या सगळे तयार करत बसायचं नाही म्हणून हा मुकादम तारखा बघतो. लिहिलेली फाइल तयार तुकड्यापेक्षा नवी असेल तरच तो तुकडा पुन्हा करायला लावतो. नसेल तर म्हणतो, झालेलंच आहे, पुढे चला. आता बघा. तयार तुकडे तिनं तारीख टाकलेल्या दिवशी झालेले, गेल्या महिन्यातले, खरे. माझ्या नव्या फायली वायरीवरून आल्या त्या ऐंशी सालच्या शिक्क्यानं. मुकादमानं बघितलं, ही तर जुनी दिसते. हातच लावला नाही. मी तोच जुना प्रोग्रॅम फ्लॉपीवर भरून तिच्या हातात देत होतो. आणि काम झटकन उरकायचं म्हणून मला वर आनंद व्हायचा. वाटायचं, काय हात बसलाय आपला.

मी दार ढकलून आत गेलो. एका पायात चपल होती, सरांनी पायाकडे बघितलं. मी मशीनपाशी बसलो आणि तेवढ्यात तुम्ही आठवलात. इतक्या वर्षांत नीट आठवला नव्हतात.

तुम्ही ठाणे-बेलापूर रोडवरच्या त्या कंपनीत पॅकिंगला होतात. एकदा मला रविवारी नेलं होतं. देवदाराच्या फळ्यांचा वास, जमिनीवर भुसा, आणि तुम्ही पत्र्याचा साचा खोक्यावर धरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवताय. आधी 'भिजवू नका'ची छत्री, मग 'आपटू नका'चा काचेचा पेला, मग तारीख. मी मध्येच एका झाकणावर खिळा ठेवला तर खेकसलात, "आत काय आहे ते बघितलंस का? न बघता ठोकतोय." मी रडलो. संध्याकाळी उरलेल्या फळ्यांची एक पेटी करून दिलीत, वर छत्री आणि पेला रंगवलेली. ठेवलीत माझ्या पुढ्यात आणि बिडी ओढायला गेलात.

त्या नोकरीचं शेवटी काय झालं ते आई वेगळं सांगते, शेजारी वेगळं सांगायचे. मूळ गोष्ट एकच. महिना संपला होता आणि फोरमननं सांगितलं, खोक्यावर कालची तारीख मार, माल गेल्या महिन्यात गेला असं दाखवायचंय. तुम्ही म्हणालात, आज भरलंय, आजची पडेल. तो म्हणाला, तुझ्या बापाचं काय जातंय? ब्रश भिंतीवर, दार आपटलं, संपलं. मग ते महिने. आई बालवाडीत आया म्हणून लागली ती तेव्हा. तुम्ही कामासाठी कंपन्यांच्या गेटांवर उभे राहायला लागलात, मग काविळीनं अंथरूण धरलंत, आणि मग नव्हतातच. मला त्या सगळ्यातलं दार तेवढं लक्षात राहिलं. मला वाटायचं, माझा बाप म्हणजे दार आपटणारा माणूस. त्या जोरावर मी इतकी दारं आपटली. तुम्ही तारखेसाठी गेलात हे मला ठाऊक होतं, पण कळलं नव्हतं. तुम्ही एका तारखेसाठी घर उपाशी ठेवलंत, आणि मी एंटर मारत होतो.

रागही येतो तुमचा. एक दिवस मागची तारीख मारली असती तर आईच्या हातांची सालं निघाली नसती. हे मी आईसमोर बोललो तर ती माझं थोबाड फोडेल. ती म्हणते, "तुझा बाप तापट व्हता, लबाड नाय." जाऊ दे.

मी मशीन बंद करून पुन्हा लावलं. तारीख विचारली. टाकली. वेळ विचारली. ती बाजूला उभी होती, स्वतःच्या घड्याळात बघून तिनंच सांगितली. सगळे तयार तुकडे पुसले आणि मुकादमाला म्हटलं, पहिल्यापासून कर. खूप वेळ लागला. मला बसवेना, मी उठून खिडकीपाशी, परत खुर्चीत, परत खिडकीपाशी. ती म्हणाली, "तू असा फिरल्यानं ते लवकर होणारेय का?" शेवटी काटापट्टी छापली. बारदान वजा.

सर म्हणाले, "एकदा शेठ हो म्हणू दे. तो नको म्हणाला तर छोट्याचं काम बंद, ते मी बोललोय ते बोललोय."

मी तिला म्हटलं, "उद्या मी येतो गाळ्यावर."

"कशाला? शेठशी भांडायला?"

"सांगायला. त्या हमालांसमोर. की चूक माझी होती."

तिनं पर्स उचलली. "ये. पण आवाज चढवलास तर मी ओळख दाखवणार नाही." मग चपला घालता घालता म्हणाली, "आणि तुझी दुसरी चपल माझ्या बाहेरच्या पिशवीखाली होती. मला आधीच दिसली होती." दिसली होती आणि सांगितली नाही, बाबा. याचा अर्थ काय असतो? मी कालपासून तेच उलटंपालटं करतोय. गाळा काल बंद होता, शेठकडे लग्न. म्हणून आज. रविवारी तिला बघायला कुणी येणार आहे असं ऑफिसात म्हणतात. तिला विचारायला जीभ उचलत नाही. गाळ्यापर्यंतची वाट आहे, तेवढ्यात उचलली तर उचलली.

फ्लॉप्या तुमच्या पेटीत ठेवल्यात. छत्री पुसट झालीय, पेला अजून आहे. झाकण लावण्याआधी प्रत्येक फ्लॉपी काल ऑफिसातल्या मशीनमध्ये घालून उघडून बघितली. आई आत भाकऱ्या थापतेय आणि विचारतेय, सकाळी सकाळी काय खरडतोयस. हे पत्र कुठं टाकणार? पेटीतच राहील, फ्लॉप्यांच्या खाली. एकच सांगायचं राहिलं. तुमचं ते दार आपटणं, सगळे नावं ठेवायचे, पण मला आवडायचं. मी अंथरुणात त्याची वाट बघायचो. अख्ख्या बिल्डिंगला कळायचं, माझा बाप निघाला.

निघतो. पेटी काखेत घेतलीय, चपला दोन्ही आहेत. दार ओढून घेतोय, हातानं, शेवटपर्यंत धरून, कडी नुसती टेकेल इतकं. आतून आईचा आवाज येतोय, "अरे, गेलास का हायस अजून?"