भेगेवरची काच

५ जानेवारी २००३. सकाळ.
आजपासून रिसर्च सुरू. करी रोडची आमची चाळ हेरिटेज ठरवून घ्यायचीच. बिल्डर ती पाडून टॉवर बांधायला टपलाय, भाडेकरूंना त्यात फ्लॅट देणार म्हणे, पण गाठ या गंगाधरशी आहे. आर्किटेक्ट मॅडमनी युक्ती शिकवली. भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवायची. भिंत सरकली तर काच तडकते. एप्रिलपर्यंत शाबूत राहिली, तर चाळ ठणठणीत असल्याचा रिपोर्ट त्या देणार. गॅलरीतल्या भेगेवर काच लावली. स्टूल सुनेत्राने धरलं. बायको अशी पाठीशी हवी.

११ जानेवारी.
चाळीचा इतिहास लिहायला घेतला. गिरणी संपाच्या सभा आमच्याच गॅलरीत व्हायच्या. मी तेव्हा सासुरवाडीला होतो, पण मनाने इथेच. सुनेत्राने पुन्हा गुडघ्यांचं काढलं. संडास तळमजल्यावर, जिने उतरवत नाहीत म्हणे. तिला जिन्याच्या सागवानाचं महत्त्व समजावलं. गुडघे चोळत आत गेली. पटलं असावं.

३ फेब्रुवारी.
काच तडकली. पलीकडच्या टॉवरच्या खोदकामाची व्हायब्रेशन्स. नवी लावली.

१० फेब्रुवारी.
पुन्हा. पोरांचं क्रिकेट. गॅलरीत खेळायला बंदी घातली. कोणी ऐकलं नाही.

२४ फेब्रुवारी.
पुन्हा. हा सरळ घातपात. संशय शेजारच्या वसंतवर. बिल्डरच्या ऑफिसात चहा पिताना दिसला होता. बोलणं बंद. राखणीला सुनेत्राला बसवलं. फुटक्या काचा बिचारी मी उठायच्या आत झाडून टाकते.

१५ मार्च.
स्वतः पहारा दिला. डोळा लागला. जेवण जड झालं, सुनेत्राने आमटीभात फारच आग्रहाने वाढला. उठलो तेव्हा काच फुटलेली.

२९ मार्च. दुपार.
वाचनालय बंद होतं, लवकर परतलो. सुनेत्रा स्टुलावर. हातात खलबत्त्यातला बत्ता. माझ्यादेखत काचेवर मारला. स्टूल वसंतने धरलं होतं.
ती शांतपणे म्हणाली, "मला मरायच्या आधी घरात संडास हवाय. तुमची भिंत मजबूत आहे हो, ठाऊक आहे मला. म्हणून तर बत्ता लागतो."
वसंतचं सोडा, तो परका. पण हिने? उभ्या संसारात एवढं वाईट वाटलं नव्हतं. संध्याकाळी जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

१३ एप्रिल.
आज मॅडम येणार. सगळं सांगून टाकायचं. नाव, वेळ, हत्यार. वाक्यं पाठ केली आहेत.

१३ एप्रिल. संध्याकाळ.
मॅडमनी विचारलं, काच कशाने फुटते? तेवढ्यात सुनेत्रा चहा घेऊन आली. ट्रे ठेवून उठताना तिने माझ्या भिंतीचाच आधार घेतला. उठायला बराच वेळ लागला. मी म्हटलं, भिंत सरकते आहे. मॅडम हळहळल्या, चहा पिऊन गेल्या. रिसर्च संपला.
नंतर सुनेत्राला मोठ्या मनाने म्हटलं, आता टॉवरमध्ये मजला कोणता घ्यायचा ते मी बघतो. तो तिने संक्रांतीलाच निवडलाय. सातवा. संडासाच्या टाइल्स निळ्या. मला विचारायचं राहून गेलं म्हणाली.