नानांसाठी चौपट ठिपके

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या आणि तुझ्या मते अजून अक्कलदाढ न आलेल्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला, दोन्ही आता आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. नानांचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे आणि ही गोष्ट ते येईल-जाईल त्याला सांगतात. तू म्हणशील, फोन असताना ह्याला पत्र लिहायची हुक्की कुठून आली? तर ताई, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून हा उपद्व्याप.

सुरुवात तुझ्याच फोनपासून झाली. तू नानांना सांगितलंस की तुझ्या नव्या टीव्हीवर मांजर दाखवलं तर त्याच्या मिशीचा केस न् केस वेगळा दिसतो. त्यावर नाना ‘अरे वा’ म्हणाले. (मला ते आयुष्यात कधी ‘अरे वा’ म्हणालेले नाहीत. मी पहिली अख्खी कवळी बनवून त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा ‘हं’ म्हणाले होते, आणि तोच हुंकार मी इतकी वर्षं जपून ठेवलाय.) लगेच तू म्हणालीस की मग या आता इकडेच राहायला, महिनाअखेर मी गाडी घेऊन येते, त्या अंधाऱ्या कोठीत भिंतीवरची भुतं बघत बसण्यात काय अर्थ आहे? नाना म्हणाले, ‘बघू.’ आता नानांचं ‘बघू’ म्हणजे इतरांचं ‘बांधाबांध करा’ असतं, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एका मांजराच्या मिशीपायी माझा बाप घरातून चालला होता.

कोठी अंधारी आहे, हे मात्र कबूल. प्रोजेक्टर लावायचा तर ती अंधारीच हवी. पूर्वी तिथे आपल्या लॅबच्या प्लास्टरच्या गोण्या असायच्या. गोण्या हलवल्या, पण फळ्यांवरचे पेशंटांच्या जबड्यांचे साचे अजून तिथेच आहेत. पाहुणे म्हणतात, सिनेमा बघताना इतक्या जणांनी एकदम हसलेलं बरं वाटत नाही. शनिवारी संध्याकाळी आम्ही दुकान बंद करून तिथे बसतो. नाना त्यांच्या वेताच्या खुर्चीत, ही मागे सोफ्यावर आणि मी नानांच्या कानाशी स्टूल घेऊन. नानांची नजर मधोमध धूसर झाली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याने फरक पडणार नाही असं सांगितलं, तेव्हापासून पडद्यावर काय चाललंय ते मी सांगतो. आधी मोजकं सांगायचो: कोण आला, कोण गेला, कोणी कोणाला मारलं. पण आपलं घराणं पडलं दातांचं. नाना मधेच विचारायचे, ‘राजाचे दात?’ मी सांगायचो, वरचे सगळे नवे. मग नाना म्हणायचे, ह्याचं राज्य बुडणार हे नक्की, सगळा खजिना तोंडात घातलाय. हळूहळू कथा मागे पडली आणि जबडे पुढे आले. एका नायिकेचा विरहात डावा सुळा आत वळलेला असतो आणि पुनर्मीलनात सरळ होतो, हे आम्ही दोघांनी मिळून पकडलं. (ही म्हणते, विरहात ती रडत होती, दात मोजत नव्हती. पण हिला धंद्यातलं काय कळणार?)

तर तुझ्या टीव्हीला उत्तर म्हणून मी प्रोजेक्टर बदलायचं ठरवलं. आमचा आहे तो साधा फुल एचडी. नवा फोर के, म्हणजे त्याच पडद्यावर चौपट ठिपके. हिने विचारलं, ज्यांना आहेत तेच ठिपके दिसत नाहीत त्यांना चौपट कशाला? मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. (घरात उत्तर नसलं की मी तत्त्व काढतो.) प्रोजेक्टरच्या दुकानदाराला मी मनातल्या मनात ठिपकेशास्त्री म्हणतो. त्याने घरी येऊन सोफ्यापासून पडद्यापर्यंत टेप धरली आणि पेशंटला वाईट बातमी देताना आपण धरतो तसा चेहरा धरला. म्हणाला, एवढ्या लांबून चांगल्या डोळ्यालाही फारसा फरक कळणार नाही. पडदा मोठा घ्या, नाहीतर जवळ सरका. जो माणूस आपला माल न घेण्याचं कारण स्वतःच सांगतो त्याच्यावर माझा फार पटकन विश्वास बसतो, म्हणून मी माल घ्यायचं आणखीच पक्कं केलं. भिंत मोठी होणार नव्हती. मग सगळ्यांनी पुढे सरकायचं ठरलं. सोफा साच्यांच्या फळ्यांमध्ये अडकला, तो सोडवताना एका माजी मुख्याध्यापकांचा खालचा जबडा फुटला, आणि शेवटी नाना पडद्याच्या इतके जवळ आले की त्यांची सावली सिनेमात काम करू लागली.

तरी घाई नको म्हणून नवं मशीन शनिवारपुरतं मागून घेतलं आणि रीतसर परीक्षा ठेवली. दोन्ही मशीनं एका टेबलावर, वर चादर, बटणं हिच्या हातात. एकच प्रसंग आधी एकावर, मग दुसऱ्यावर दाखवायचा आणि नानांनी फक्त ‘पहिलं’ किंवा ‘दुसरं’ म्हणायचं. ज्याच्यासाठी खटाटोप तोच न्यायाधीश, असा माझा विचार. ताई, नव्या मशीनवर काय दिसत होतं म्हणून सांगू! खलनायकाच्या दातावर टोपी बसवल्याची हिरडीजवळची बारीक रेघसुद्धा दिसत होती. मी जिंकलो असं धरून चाललो होतो. नानांनी जुनं निवडलं. क्रम बदलून दाखवलं, पुन्हा जुनं. दुसरा प्रसंग लावला, तरी जुनंच. मशीन घेऊन आलेला ठिपकेशास्त्री चाट पडला, म्हणाला, अशी नजर मी धंद्यात पाहिली नाही. मी नानांना जरा चिडूनच विचारलं, की तुम्हाला नक्की दिसतंय तरी काय? त्यावर ते शांतपणे म्हणाले, “ह्यात मला नीट दिसतं.”

मला वाटलं, झालं, म्हातारा हट्टाला पेटला. किंवा मशीनमध्ये खोट असेल. किंवा तू फोनवरून पढवलं असशील (हाही विचार मनात आला, लपवत नाही). मी तावातावाने चादर ओढली, तर ही म्हणाली, “अहो, नवं लागलं की तुम्ही तोंड उघडं टाकून गप्प बसता. जुनं लागलं की बोलायला लागता.”

ताई, हे ऐकून मी तिथेच स्टुलावर बसलो. माणसाला एवढं साधं कळू नये? चौपट ठिपक्यांनी माझीच बोलती बंद केली होती आणि नानांचा पडदा काळा पडला होता. मला इतकं बरं वाटलं आणि त्याच वेळी इतकं रडू आलं, की ठिपकेशास्त्र्याला मी उगाचच एक दात तपासून दिला. मशीन परत गेलं. सोफा मागे सरकवला. मुख्याध्यापकांचा जबडा चिकटवला आहे, फक्त ते आता थोडे मिश्कील दिसतात. तात्पर्य, रेझोल्यूशन आहे तेच ठेवलंय, एवढंच कळवायचं होतं. दुसरं काही विशेष नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. विशेष आहे. महिनाअखेर गाडी घेऊन येऊ नकोस. तुझ्याकडे त्यांना काही कमी पडणार नाही, ते मला माहीत आहे. पण मला पडेल. शनिवारी त्या स्टुलावर बसून मी कोणाशी बोलू? हे मी फोनवर म्हणालो असतो तर तू हसली असतीस, आणि मग मीही हसलो असतो.

ता. क. २. ह्या घरातून जाणारं प्रत्येक पत्र नानांना वाचून दाखवावं लागतं. वरचं ता. क. मी शिताफीने गाळलं. नाना म्हणाले, तू ता. क. लिहिलं नाहीस असं कधी झालंय का? मग वाचलं. ऐकून म्हणाले, “तिला लिही, गाडी आण. चार दिवस येतो. पण टीव्हीपुढे दोघांना जागा कर. तिथे काय चाललंय ते मला सांगणार कोण?” तेव्हा ताई, गाडी आणच, आणि अंथरुणं दोन घाल.

ता. क. ३. ही विचारते आहे, चार दिवसांऐवजी दोघांना महिनाभर ठेवून घेता येईल का? तिला विरहात नायिका का रडत होती ते एकदा शांतपणे बघायचंय.