चौथ्या बोल्टावरचं कुंकू

मिस्तरीबाबा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि आज पुन्हा दसरा आहे. लाँचची पूजा आटोपून सगळे गावात सोनं वाटायला गेले. मी एकटा इंजिनापाशी खाली बसलोय, गुडघ्यावर वही घेऊन. तुमची हातोडी शेजारी आहे.

प्राध्यापकाची कॉलर धरून, कॉलेज अर्धवट सोडून मी या धरणावर आलो तेव्हा तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "काय बे कालेज, पाना धरता येते का?" तेव्हापासून माझं नावच कालेज पडलं. राज्य नवं, धरण नवं, लाँच तेवढी म्हातारी. मुंबईच्या खाडीत उभा जन्म काढून मोडीत निघालेली, रेल्वेनं नांदुऱ्याला उतरवून ट्रकवर इकडे आणलेली. "हिनं लई समुद्र पेला हाय," तुम्ही म्हणायचात. "मीठ हाडात राह्यते, पोट्ट्या. इंजिन दगा नाई देत. त्याले धरून ठेवणारे बोल्ट देतात."

असे चार बोल्ट, लाकडी तुळयांत रुतलेले. दर सोमवारी एकेकावर हातोडीनं टिचकी मारायची. चांगला बोल्ट टणकन बोलतो, गंज खाल्लेला ठप्प होतो. वरून डोकं चकचकीत आणि आत लाकडात मान झिजलेली. तुमच्या मुलीला धामणगावचं स्थळ आलं हे कानावर आलं त्या सोमवारी मी पाना असा काही ओढला, की तुम्ही तो हिसकावून घेतलात. "बोल्टाशी काऊन भांडतं बे? आधी ढिला करून पाह्य. आवळून पाह्यणारा बोल्ट तोडते." माझं भांडण कोणाशी होतं ते तुम्ही विचारलं नाही. मला वाटलं, यांना कळलं नाही.

मग तो दसरा. पूजा करायला तुमची मुलगीच आली आहे. नारळ इंजिनावर फुटतो, पाणी खाली बोल्टांपाशी उतरतं. तीन बोल्टांना कुंकू लागतं. चौथा मागे, धुराच्या नळीखाली. मी म्हणतो, राहू द्या, हात पुरणार नाही. "लपून बसला म्हणून त्याले कुंकू नाई का?" म्हणत ती वाकते, खांद्यापर्यंत हात आत घालते आणि काळं बोट घेऊन हसत बाहेर येते. ती गेल्यावर मी आत पाहिलं. बोल्टाच्या डोक्यावर बोटाचा ठसा, रेषा मोजाव्यात इतका स्वच्छ.

नारळाचं पाणी लोखंड खातं, म्हणून पूजा झाली की तासाभरात रॉकेलच्या चिंधीनं चारही पुसायचे, एकेक काढून ग्रीस लावून परत बसवायचे, हा तुमचा नियम. "देवाले पोचलं, आता लोखंडाकडे पाहा." मोतीबिंदूमुळे त्या वर्षी तुम्ही खाली उतरत नव्हता, वर बसून आवाज ऐकायचात. मी तीन पुसले.

"चारही?" तुम्ही वरून विचारलंत.

"हाव, चारही."

त्यानंतर दर सोमवारी मी तीन बोल्ट वाजवले. तिसरा दोनदा वाजवायचो, म्हणजे तुमचे चार भरायचे.

उन्हाळ्यात, भर पाण्यात चौथा तुटला. इंजिन एका अंगाला बसलं, शाफ्ट वाकला, पाणी आत आलं. माणसं वल्ही मारत कशीबशी काठाला लागली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, तुमचे डोळे गेले." तुम्ही म्हणालात, "हाव साहेब. डोये गेले." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. तुम्हाला कामावरून काढलं, त्या दिवशी ही हातोडी माझ्या हातात दिलीत आणि एवढंच म्हणालात, "एकाच बोल्टाचा आवाज दोन्ही खेपा सारखाच येते, कालेज."

मी मान खाली घातली. एरवी कोणाचीही कॉलर धरणारा मी, हातोडी घेऊन लाँचकडे वळलो. बोललो असतो तर त्या ठशाचंही सांगावं लागलं असतं, आणि तिचं लग्न ठरलं होतं. पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात. काठावरची माणसं अजून तुम्हाला डोळे गेलेला मिस्तरी म्हणतात.

गेल्या महिन्यात ती लाँचनं पलीकडे गेली, कडेवर पोरगी होती. इंजिनाकडे बघून म्हणाली, "डोयानं घात केला बाबाचा. नाई त बाबा चुकणारा नव्हता." मी म्हणालो, "हो." एवढंच. तुम्ही चुकला नव्हता, हे ऐकायचा हक्क तिचा आहे. हे पत्र खरं तर तिला द्यायला हवं, पण मला माहीत आहे, ते हत्यारांच्या पेटीतच राहील.

आज चौथ्याला कुंकू मी लावलं, तिच्यासारखाच खांद्यापर्यंत हात घालून. तीन पुसून झालेत. हे लिहून झालं की चौथा पुसायचा, असं ठरवून बसलो होतो. म्हणून तर एवढं लांबवत आलो.