पुढच्या चाकांवरचे लाल ठिपके

सोमवार, ३ मार्च

आणली एकदाची! पिकअप. सेकंडहँड, पण फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना जोर. रोपवाटिकेवाल्या काकांकडून घेतली. पंचाहत्तरी उलटलेले, काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, आता रोपं घेऊन टेकड्या चढायची ताकद नाही म्हणाले. किल्ली देताना पुटपुटले, "फोर-व्हील लागत नाही हो हिचं. ती गेल्यापासून बंदच पडलंय." मी म्हटलं, काका, चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलीत मी, हे काय घेऊन बसलात!

दुपारभर धुतली. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढ्या गोल टोप्या आहेत. त्यांच्यावर कधीकाळी काही अक्षरं होती, ती झिजून गेलीत. आणि कडेला लाल नेलपॉलिशचे ठिपके! कुणाचे हे उद्योग? रॉकेलने घासून काढले आणि वरून चंदेरी रंग मारला. आमच्या हिला स्वच्छ गाडी आवडते.

फोनवर हिला अजून सांगितलेलं नाही. आधी चढण चढू दे.

मंगळवार, ४

नाही चढली.

घराखालच्या शेवटच्या चढणीवर, जिथे नुसता मुरूम आहे, तिथेच अडली. फोर-व्हीलचा दांडा ओढला, समोर हिरवा दिवा लागला, आणि मागची चाकं जागच्या जागी गरगर! पुढची ढिम्म. धूळ तेवढी पोटभर खाल्ली. गाडी उलटी उतरवून झाडाखाली लावली आणि चालत वर आलो. दार उघडलं आणि तोंडातून गेलंच — "आलो गं!" आठ महिने झाले, जीभ ऐकत नाही.

गुरुवार, ६

फ्यूज ठीक. वायरी ठीक, एकूण एक टेस्टर लावून पाहिली. दांड्याचे सांधे साफ केले, ग्रीस भरलं. फरक शून्य.

गाडीखाली आडवा होतो. हात बाहेर काढला आणि तसाच राहिला. ही असताना नंबरसुद्धा सांगावा लागायचा नाही. नुसता हात बाहेर आला की पाना हातात, आणि हवा तोच. तिला कसं कळायचं? कधी विचारलं नाही. आज प्रत्येक पान्यासाठी सरपटत बाहेर आलो आणि पुन्हा आत गेलो. पाठीचं पार भुस्काट झालंय.

रविवार, ९

मुलाचा फोन. "बाबा, तेवीसला येतोय. एक जण घर बघणार आहेत, त्यांना घेऊन येतो."

विकायचं!

"आईला ती चढण चढवत नाही, आणि गाडीत बसायची ती धास्ती घेते. तुम्हीच इकडे या ना." मी विचारलं, ती स्वतः काय म्हणते? "म्हणते, गाडी नीट वर जात असेल तर येईन. नाहीतर विका." मग तिलाच दे म्हटलं फोन. तर म्हणे, "आत्ता नाहीये. सकाळी आठ ते नऊ ती बाहेर असते, रोज." कुठे? "असते हो बाबा."

कुठे असते? मैत्रिणी मिळाल्या असतील. मिळू देत. मला काय त्याचं!

— आहे. पुष्कळ आहे. इथे कोण वाचतंय म्हणून लिहायला हरकत नाही.

बुधवार, १२

मेकॅनिक येऊन गेला. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकतो. इथे तेवढा एकच, आणि त्याचा हात सगळा स्कूटरवर बसलेला. मी गाडी चढणीवर घातली, तो बाजूला ओणवा होऊन खाली बघत होता. एकदम ओरडला, "पुढचा शाफ्ट फिरतोय की! जोर येतोय पुढपर्यंत. चाकंच घेत नाहीयेत."

मग निदान — आतून खिळखिळं झालं असणार, पुढचं सगळं उतरवावं लागेल. "महिना धरा."

महिना! माझ्याकडे अकरा दिवस आहेत. डॉक्टर चहा पिऊन गेला. दोन कप विसळताना बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

शुक्रवार, १४

आज कुणाशीही बोललो नाही. दाढी करताना कापलं तेव्हा "आई गं" म्हणालो, तेवढंच.

शनिवार, १५

लिहूनच टाकतो.

जुलैत जुन्या मोटारीने वर येत होतो. ही शेजारी. चढणीवर गाडी अडली. ही म्हणाली, "अहो, थांबा जरा. मी उतरते, चाकामागे दगड लावते." मी म्हणालो, "मला गाडी शिकवू नकोस." आणि ॲक्सिलेटर दाबला. गाडी मागे घसरली आणि थेट चरात. मला खरचटलंसुद्धा नाही. तिचा डावा गुडघा फुटला.

दवाखान्यातून ती परस्पर मुलाकडे गेली. मी 'चुकलो' म्हणालो नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फोनवर मी तिला हवामान सांगतो.

सोमवार, १७

ट्यूब पेटली! चहाचा कप तसाच टाकून खाली धावलो. आत्ता लिहितोय तर हात अजून काळे आहेत.

घरापर्यंत लाइन आलीय आणि दिवा लागत नाही. मग? बटण बंद असणार! लोकांच्या दारात उभा राहून चाळीस वर्षं हेच तर सांगितलं. शाफ्टपर्यंत जोर येतोय, चाक घेत नाही. म्हणजे बटण मधेच कुठेतरी, चाकापाशी. त्या गोल टोप्या!!

माझ्याच रंगाने गच्च बसल्या होत्या. पक्कडीत धरून जोर लावला — कट्! फिरली. दुसरी — कट्! आत बसलो, दांडा ओढला, आणि गाडी चढणीवरून अशी सरळ वर आली की मीच घाबरलो. अंगणात उभी आहे.

आणि ते ठिपके! टोपी कुठवर फिरवायची त्याची खूण होती ती. अक्षरं झिजली म्हणून कुणीतरी मुद्दाम केलेली. मी गाढवाने रॉकेलने पुसली. गाडीतला कप्पा उपसला, तर जुन्या कागदांखाली नेलपॉलिशची बाटली. पार वाळलेली.

बुधवार, १९

गाडी घेऊन काकांकडे गेलो. विचारलं, चढण आली की काकू काय करायच्या?

"काय करणार? उतरायची. 'थांबा, पाय मोकळे करते' म्हणायची. गाडीभोवती एक चक्कर मारून येऊन बसायची. वर पोचलो की पुन्हा तेच. मी हॉर्न वाजवायचो, आटप म्हणून." किती वर्षं? "अकरा."

त्यांना चाकापाशी नेलं आणि टोपी फिरवून दाखवली. बाटली हातात दिली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "गाडी घेतली त्या दिवशी काहीतरी सांगायला आली होती. विकणाऱ्याने तिला सगळं समजावलं होतं, मी टायर बघत होतो. मी म्हणालो, मला गाडी शिकवू नकोस."

तेच! शब्दाला शब्द तेच.

गुडघे धरत ते खाली बसले आणि टोपी स्वतः फिरवली. कट्. उलटी. पुन्हा कट्. "एवढंच होतं होय? मग पुन्हा सांगायचं ना गं!" हे मला नव्हतं, म्हणून मी रोपांकडे बघत राहिलो. बाटली त्यांनी ठेवून घेतली.

घरी येऊन फोन लावला. हवामान सांगितलं नाही. म्हणालो, "चुकलो. तू दगड लावते म्हणालीस तेव्हा थांबायला हवं होतं." ती म्हणाली, "बरं. रविवारी चढणीखाली येऊन थांबा. गाडीची किल्ली आणा."

किल्ली आणा! किल्लीशिवाय काय ढकलत आणणार होतो?

शनिवार, २२

लाल रंगाने ठिपके पुन्हा काढले. एक जरा मोठा झालाय. राहू दे.

रविवार, २३

घर बघणारे आलेच नाहीत. मुलगा आला, ही आली, दोन बॅगा आल्या. ही पिकअपच्या दारापाशी जाऊन उभी राहिली — ड्रायव्हरच्या बाजूला! मुलगा हसून म्हणाला, "सकाळी आठ ते नऊ, बाबा. परवाच लायसन्स मिळालं." हिने हात पुढे केला. मी न विचारता किल्ली दिली.

मग पुढे जाऊन वाकलो. डावी टोपी, ठिपक्यापर्यंत. मग उजवी. कंबर धरून सरळ होतोय, तोच कानठळ्या बसवणारा हॉर्न!

"अहो, आटपा!"