मालेंबा का रडते

१८ जुलै

वीसपैकी पाच. माझ्याच पुस्तकावर!

मकावासीने उत्तरपत्रिका उशीखाली सरकवली होती. मी ओढून काढली. सराव परीक्षा, स्वाहिली साहित्य, प्रश्न चौथा — "मालेंबाच्या पश्चात्तापाची कारणे कादंबरीच्या आधारे स्पष्ट करा." पोरीने लिहिलं होतं की मालेंबाला पश्चात्ताप होत नाही. ती मारकुट्या नवऱ्याचं घर सोडते, घायपाताच्या मळ्यावर कामाला लागते आणि परत जात नाही. शेवटच्या पानावर ती डोळे पुसते ते रडू आलं म्हणून नव्हे. यंत्रातून वाखाचा भुसा उडतो, तो डोळ्यांत गेला म्हणून. त्याच परिच्छेदात वर भुशाचा उल्लेख आहे, हेही तिने दाखवून दिलं होतं.

बरोबर. अगदी बरोबर. आणि मला एका अक्षराने न विचारता.

खाली लाल शाईत शेरा — "गाईड वाचत जा."

"आत्या, तू नको ना शाळेत जाऊस," मकावासी म्हणाली. "मी करते पाठ."

माझ्या भावाची, म्वाकियोची मुलगी. तो मोम्बासाला बंदरात असतो, ती माझ्याकडे शिकायला. तिला स्वाहिलीची शिक्षिका व्हायचं आहे. नोव्हेंबरच्या परीक्षेत स्वाहिलीत वरची श्रेणी मिळाली नाही तर कॉलेज दारातही उभं करणार नाही.

१९ जुलै

गाईड आणलं. बसस्टँडसमोरच्या दुकानात त्यांचा हा ढीग. कादंबरी एकही नाही.

"मूळ पुस्तक नाही का?"

"ते कशाला मॅडम? यात सगळं आलंय."

मुखपृष्ठावर गाईडकर्ते म्वालिमू, म्हणजे गुरुजी, ओमारिबा, टाय लावून, कादंबरीच्या नावापेक्षा मोठे. आत माझ्यावर दोन ओळी. त्यांच्या स्वतःवर एक पान. मालेंबाचे स्वभावविशेष — हट्टी, उतावळी, कृतघ्न, थोड्याफार प्रमाणात कष्टाळू. तात्पर्य — रागाच्या भरात घर सोडणाऱ्या स्त्रीला अखेर अश्रूच ढाळावे लागतात.

थोड्याफार प्रमाणात! दिवसभर वाख झोडपणारी बाई.

राग आला तो मकावासीच्या गुणांचा की त्या दोन ओळींचा? दोन ओळींचा आधी आला. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला स्वतःला फसवता येणार नाही.

२४ जुलै

गेलेच शाळेत. मकावासीला स्वाहिली शिकवणाऱ्या, लाल शेऱ्याच्या न्यांबू मॅडम शिक्षकांच्या खोलीत वह्यांच्या थप्पीमागे बसल्या होत्या. चहा मागवला. वाईट बाई नाही.

"तुम्ही लेखिका आहात, मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण पेपर तुम्ही तपासत नाही."

"तुम्ही कादंबरी वाचली आहे का?"

"खरं सांगू? अर्धी. मग गाईड आलं." त्यांनी डोळे चोळले. "वाकेशो, तपासणारे कुठून कुठून येतात. एकेकाकडे गठ्ठेच्या गठ्ठे. त्यांनीही गाईडच वाचलेलं असतं. तुमचं एकटीचं म्हणणं खरं करायला मी वर्गभर पोरींचे गुण घालवू?"

मी चहा संपवून उठले. उत्तरं परतताना मटाटूच्या खिडकीशी बसल्यावर सुचली, चार-पाच. सगळी माझ्या बाजूची. तिच्या पोरींच्या बाजूचं एकही नाही.

४ ऑगस्ट

रविवारच्या पुरवणीत मोठा लेख — "स्वाहिलीत लेखिका आहेत कुठे?" लिहिणारे एक प्राध्यापक. लेखिकांनी पुढे यावं, संकोच सोडावा, असा कळकळीचा सल्ला. संपूर्ण लेखात एकाही बाईचं नाव नाही.

मी इथे आहे. वोई गावात. पाण्याच्या ऑफिसात, तक्रारीच्या खिडकीवर. सोमवार ते शुक्रवार कोणीही येऊन बघावं.

इंग्रजीत लिहिणाऱ्या नैरोबीच्या बायका परदेशी जातात, त्यांच्या गळ्यातल्या मण्यांचेसुद्धा फोटो छापून येतात. त्यांच्यावर माझा राग आहे असं लिहिणार होते. राग नव्हे. हेवा.

१२ ऑगस्ट

प्रकाशकांना फोन. तिथला तरुण मुलगा फार गोड बोलतो.

"मॅडम, गाईड आहे म्हणून तुमची कादंबरी शाळेच्या यादीवर टिकली. उद्या यादीतून उतरली तर वाचणार कोण?"

"लोक."

"कोणते?"

खरोखर विचारत होता. टोमणा नव्हता तो.

१३ सप्टेंबर

म्वाकियोचा फोन. मागे बंदरातल्या क्रेनचा आवाज.

"ताई, ऐकतोय मी सगळं. तुझ्या त्या मालेंबापायी माझ्या पोरीचं वर्ष वाया घालवू नकोस."

"मी काय केलं?"

"तू काही करू नकोस, तेच सांगतोय. लहानपणी खेळात हरायला लागलीस की पट उधळायचीस. इथे पट माझ्या मुलीचा आहे."

फोन आपटावासा वाटला. हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत.

२७ सप्टेंबर

ओमारिबा पुढच्या आठवड्यात मकावासीच्या शाळेत येणार. परीक्षेआधी ते गावोगाव फिरतात — भाषण, आपल्या मंडळींकडून कादंबरीचं नाटक, मग गाईडवर सह्या. न्यांबू मॅडमनी निरोप पाठवला, तुम्हीही या. न बोलावता जाऊन काही बोलले असते तर भांडण झालं असतं. बोलावल्यावर मी पाहुणी झाले.

मकावासी म्हणाली, "आत्या, सांग तू त्यांना सगळ्यांसमोर. वाखाच्या भुशाचं सांग."

"आणि तुझे गुण?"

"तू सांगितल्यावर गाईडलाही बदलावंच लागेल ना?"

सतरा वर्षांची आहे. तिला असं वाटायलाच हवं.

३ ऑक्टोबर

सगळं क्रमाने लिहिते.

फाटकाशी मुख्याध्यापिका भेटल्या. मला पाहून एकदम मोकळ्या झाल्या. "बरं झालं आलात. हत्तींनी पाईप फोडल्यापासून वसतिगृहाच्या टाकीत थेंब नाही. आज बघूनच जा." फळ्यावर खडूने लिहिलं होतं, "प्रमुख पाहुणे : म्वालिमू ओमारिबा". त्याखाली बारीक अक्षरात, "उपस्थिती : पाणी कंपनीच्या प्रतिनिधी".

टाकी बघितली. खरंच कोरडी होती. सोमवारी टँकर पाठवते म्हटलं. आजच्या दिवसात एवढंच एक वाक्य मी बरोबर बोलले.

सभागृहात हिरव्या स्वेटरांची गर्दी, दारांतून लाल धूळ. आधी नाटक. मालेंबाचं काम करणारी मुलगी चांगली होती, आवाज खणखणीत. शेवटी ती नवऱ्यासमोर गुडघे टेकते आणि त्याचे पाय धुते. माझ्या कादंबरीत असं काही नाही. माझ्या कादंबरीत शेवटी नवरा पानावरच नाही. पोरींनी शिट्ट्या मारल्या. माझ्या शेजारची मुलगी रडली. तिच्याकडे बघून मला क्षणभर शंका आली की हाच शेवट बरा असेल.

मग ओमारिबा. देखणे, आवाज सुरेख. न्यांबू मॅडम त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. त्यांनी भुवया वर नेल्या आणि माईकवरच म्हणाले, "वाकेशो मघांगा? स्वतः? मला तर कोणी सांगितलं होतं, तुम्ही गेलात."

"कुठे?" मी खालून विचारलं.

त्यांनी बोट छताकडे केलं.

सगळं सभागृह हसलं. मीही हसले. का हसले!

"वर या, वर या," ते म्हणाले. "मुलींनो, मेलेल्या माणसाला प्रश्न विचारायची संधी पुन्हा मिळत नाही."

माईक हातात दिला. चांगलाच जड होता. मी तयारी करून आले होते — भुसा, मळा, नवरा नसलेलं शेवटचं पान. तिसऱ्या रांगेतली एक काटकुळी मुलगी उठली. "मॅडम, मालेंबा शेवटी का रडते?"

ती काही खोडी काढत नव्हती. तिला उत्तर हवं होतं. सगळ्या पेनांची टोपणं निघाली. न्यांबू मॅडम खाली स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. ओमारिबा माझ्याकडे बघून हसत होते, निर्धास्त. त्यांना ठाऊक होतं. मी इथे "भुसा" म्हणाले तर या सगळ्या पोरी नोव्हेंबरात भुसा लिहितील आणि दूरच्या गावचा कोणी मास्तर त्यावर लाल रेघ मारेल. मकावासी खिडकीशी होती. तिच्या हातात पेन नव्हतं. तिला उत्तर माहीत होतं, ते माझ्या तोंडून ऐकायला ती फक्त थांबली होती.

"पश्चात्ताप होतो तिला," मी म्हटलं.

सगळी पेनं एकदम चालू लागली. मग टाळ्या. ओमारिबांनी माझा हात धरून वर केला, कुस्ती जिंकल्यासारखा.

४ ऑक्टोबर

मकावासीने चपात्या केल्या. वाढल्या. जेवताना म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं होतं तर."

आरोप नव्हता त्यात. ती खरंच तसं समजली आहे.

"नाही" एवढंच म्हणायचं होतं. मनात हिशेब केला, परीक्षा महिन्यावर आली आहे, आता घोळ नको. नंतर सांगेन. पुस्तक निघाल्यापासून एकाच वाचकाला ते समजलं होतं. तिला मी स्वतः चुकीचं ठरवलं.

७ ऑक्टोबर

पोरींसाठी खोटं बोलले — असं लिहून बघितलं. वाक्य छान दिसतं. खरं किती?

टाळ्या पडल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं. हात वर धरला तेव्हाही. मी तो ओढून घेतला नाही. तिथे पोरींचा खरा कळवळा असलेली दुसरी कोणी असती तर तिला बरं वाटलं असतं का?

आणि न्यांबू मॅडमनी नंतर माझा दंड दाबून "आभारी आहे" म्हटलं, तेव्हा मला त्या बाईचा जितका संताप आला तितका ओमारिबांचाही आला नव्हता. ते निदान माझे आभार मानत नाहीत.

टँकर पाठवला.

१४ नोव्हेंबर

आज साहित्याचा पेपर झाला. माझ्या कादंबरीवर एकच प्रश्न — "मालेंबाच्या सासूची भूमिका स्पष्ट करा."

पश्चात्ताप नाही. डोळे नाहीत. सासू!

मकावासी खूश. सासूवर तिने पुरवण्या जोडल्या. मी म्हटलं, "इकडे बस. मला सांगायचंय." आणि सांगितलं. भुसाच होता. तूच बरोबर होतीस. मी सगळ्यांसमोर खोटं बोलले.

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "असू दे आत्या. दोन्ही असेल."

"दोन्ही नाही. मी लिहिलंय ते."

"हो ना. पण तेही तूच म्हणालीस." पायातले बूट काढता काढता म्हणाली. म्हाताऱ्या माणसांची समजूत घालताना जसा आवाज लावतात तसा.

१९ नोव्हेंबर

रविवारच्या पुरवणीच्या संपादकांना लिहायला बसले. "मी लेखिका वाकेशो मघांगा, माझ्या कादंबरीचा शेवट असा आहे की..." तीन वेळा खोडलं. पुस्तक लिहिणाऱ्या बाईने पुस्तकात काय आहे ते पेपरात पत्र लिहून सांगायचं? आणि पत्र छापून आलंच, तर सभागृहातली प्रत्येक पोरगी म्हणेल, बाईंनी आम्हाला उलटंच सांगितलं होतं. कोणती वाकेशो खरी?

पाठवलं नाही. भित्री म्हणून की अजून लाज शिल्लक आहे म्हणून, ठरत नाही.

१० जानेवारी

निकाल. स्वाहिलीत मकावासीला सर्वांत वरची श्रेणी. म्वाकियो फोनवर ओरडत होता, क्रेनपेक्षा मोठ्याने. "ताई, तुझ्यामुळे!" मी नाही म्हटलं नाही. संध्याकाळी कसावा आणि घेवडा घोटून किमांगा केला, शेजाऱ्यांना वाटला.

आता ती शिक्षिका होणार. माझं पुस्तक शिकवणार.

२ मार्च

मकावासीने कॉलेजातून फोनवर चित्र पाठवलं. "आत्या, तू!! इथे सगळ्या मुलींना दाखवलं."

ओमारिबांच्या गाईडची नवी आवृत्ती. मागच्या मुखपृष्ठावर मी — हातात माईक, तोंड उघडं. पुस्तकावर माझा फोटो छापून येण्याची ही पहिली वेळ. आतल्या पानाचंही चित्र होतं. सरावासाठी प्रश्न पहिला :

"पश्चात्ताप होतो तिला." — हे उद्गार कोणाचे, कोणास उद्देशून आणि का?

'का'ला सर्वांत जास्त गुण आहेत.